पाटीच्या दगडावरची द्राक्षे

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत लढायांना आणि तहांना जितकी जागा मिळते, तितकी मातीला, पिकाला आणि ते पिकवणाऱ्या हातांना मिळत नाही. त्यामुळे एखाद्या प्रदेशावर दोन हजार वर्षांत कोणी कोणी राज्य केले हे विद्यार्थ्याला सांगता येते. पण त्या राज्यांखाली तिथला माणूस कशावर जगला आणि त्याच्या श्रमांचे मोल कोणी ठरवले, हे सांगता येत नाही. ही उणीव एका पिकाच्या निमित्ताने थोडी भरून काढावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. पीक द्राक्षांचे, जात रीझलिंग, प्रदेश जर्मनीतील मोझेल नदीचे खोरे, आणि जमीन म्हणावी तर ती पाटीच्या दगडाची. या द्राक्षांपासून जे मधुर आणि हलके मद्य होते, त्याची कीर्ती जगभर आहे. मद्यपानाचा पुरस्कार करण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. तो प्रश्न ज्याच्या त्याच्या विवेकाचा आहे. त्या गोडीचे मोल कोणकोणत्या काळी कोणी कोणी ठरवले, एवढेच आम्हांला येथे पाहावयाचे आहे.

आमच्या पिढीने मुळाक्षरे पाटीवर गिरवली. ती पाटी ज्या काळ्या-निळ्या, पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटणाऱ्या दगडाची होती, त्याच जातीच्या दगडाचे मोझेलकाठचे डोंगर आहेत. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी एका समुद्राच्या तळाशी बसलेला गाळ पुढे दाबाने घट्ट होऊन हा दगड झाला. तिथली जुनी घरे याच दगडाच्या पातळ चिपांनी शाकारलेली आहेत आणि द्राक्षवेलीही याच दगडाच्या फुटक्या कपच्यांत उभ्या आहेत. मराठीत ‘पाटी’ हा शब्द लिहिण्याच्या दगडाला आहे, तसाच माती वाहण्याच्या टोपलीलाही आहे. मोझेलच्या इतिहासात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. कारण पावसाने उतारावरून खाली वाहून आलेल्या कपच्या आणि माती पाठीवरच्या टोपलीत भरून पुन्हा वर नेऊन टाकणे, हे तिथल्या मळेकऱ्याचे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले काम होते.

मोझेल नदी फ्रान्समधील व्होझ पर्वतात उगम पावते, लक्झेंबर्गच्या सीमेवरून वाहत ट्रिअर शहराजवळ येते आणि कोब्लेन्झ येथे ऱ्हाईन नदीला मिळते. ट्रिअरपासून कोब्लेन्झ सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आसपास असेल. पण नदी मात्र वळणावर वळणे घेत जवळजवळ दुप्पट वाट चालते. हा भाग उत्तर अक्षांशाच्या पन्नासाव्या अंशाजवळ येतो. द्राक्षवेलीच्या दृष्टीने ही बराच काळ उत्तरेकडची जवळजवळ शेवटची हद्द मानली जात असे. आपल्याकडे नाशिक-सांगलीच्या बाजूस वेलीला खरी झोप अशी कधी लागतच नाही. एप्रिलमध्ये एक छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास दुसरी करून मळेकरी तिच्याकडून उन्हाळ्याच्या तोंडी फळ काढून घेतो. साखर भरण्याची चिंता तिथे सहसा नसते. मोझेलकाठी सारे उलटे. हिवाळाभर वेल निजलेली, फुलोरा जूनमध्ये, आणि तोडणी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरातही. ऊन पुरेल की नाही, हाच तिथला जुना प्रश्न.

त्या प्रश्नाचे उत्तर उताराने दिले. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उभ्या चढणीवर मावळतीकडे झुकलेल्या शरदातील सूर्याचे किरण सपाटीपेक्षा अधिक सरळ पडतात. नदीच्या पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाश त्यात भर घालतो आणि पाण्याच्या सान्निध्यामुळे गारठ्याची धारही थोडी बोथट होते. काळा दगड दिवसभर तापतो आणि रात्री ती ऊब वेलीला परत देतो. पावसाचे पाणी कपच्यांतून झटकन निचरते, आणि मुळांना ओलाव्याच्या शोधात भेगांमधून खोल उतरावे लागते. जेथे धान्य पिकणार नाही, बैल चालणार नाही आणि माणसालाही धड उभे राहता येणार नाही, अशी ही जमीन. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट नावाचा कडा तर काही ठिकाणी ६५ अंशांपर्यंत उभा आहे. युरोपातील सर्वांत चढणीचे द्राक्षमळे म्हणून त्याचे नाव घेतले जाते. अशा ठिकाणी मांडव घालणे शक्य नसते. म्हणून मोझेलच्या जुन्या पद्धतीत प्रत्येक वेलीला स्वतंत्र खांब देतात आणि तिच्या काड्या वाकवून बदामाच्या आकारात त्या खांबाला बांधतात. असे केल्याने मजुराला चढणीवर वेलीच्या चारी बाजूंनी फिरता येते.

आता गोडीविषयी. द्राक्षाच्या रसातील साखर आंबण्याच्या क्रियेत खर्ची पडते आणि तिचे मद्यार्कात रूपांतर होते. ती पुरती खर्ची पडली तर मद्य कोरडे होते. मोझेलकाठी तोडणी उशिरा होते, रस तळघरातील पिंपात जाईपर्यंत थंडी सुरू होते आणि गारठ्यात आंबण्याची क्रिया मंदावून कधी अर्ध्यावरच थांबते. अशा वेळी काही साखर शिल्लक राहते आणि मद्यार्क कमी भरतो; येथील गोड मद्यांत तो बहुधा शेकडा सात ते नऊ इतकाच असतो. पण नुसती साखर म्हणजे गोडी नव्हे. थंड हवेत हळूहळू पिकलेल्या रीझलिंगमध्ये आम्लता भरपूर टिकून राहते, आणि त्या आंबटपणाच्या आधारावरच गोडी उभी राहते. पन्ह्यातून कैरी वजा केली तर उरते ते नुसते गुळाचे पाणी, हे आपल्याकडच्या गृहिणीला सांगावे लागत नाही. मोझेलच्या मद्याचा गुण नेमका या तोलात आहे, आणि पुढे ज्याचा विसर पडल्याने त्याची अवनती झाली तोही हाच तोल.

या कड्यांवर वेल प्रथम रुजवली ती रोमन लोकांनी. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या अखेरीस त्यांनी ट्रिअर वसवले आणि पुढे चौथ्या शतकात ते रोमन सम्राटांचे निवासस्थान बनले. त्या शहराच्या आणि सैन्याच्या तहानेसाठी मोझेलकाठी मळे उभे राहिले. न्यूमागेन गावी १८७८ साली सापडलेले एक थडग्यावरचे शिल्प आज ट्रिअरच्या वस्तुसंग्रहालयात आहे. इ. स. २२० च्या सुमाराचे हे शिल्प म्हणजे पिंपांनी भरलेली एक नाव आणि ती वल्हवणारी माणसे. पीस्पोर्ट गावी १९८५ साली चौथ्या शतकातील रस गाळण्याची एक मोठी रोमन घाणीच जमिनीखालून वर आली. या पुराव्यांना साहित्याचीही साक्ष आहे. इ. स. ३७१ च्या सुमारास आउसोनियस या लॅटिन कवीने ‘मोसेला’ हे काव्य रचले. हा मूळचा बोर्दोचा रहिवासी. तिथे त्याने तीस वर्षे अध्यापन केले आणि पुढे राजपुत्राचा शिक्षक म्हणून तो ट्रिअरच्या दरबारी आला. शिक्षकाच्या दृष्टीला राजवाड्यांइतकीच नदीतली मासळी दिसली, पाण्यात उलटे पडलेले मळ्यांचे प्रतिबिंब दिसले, आणि उतारावरचे मजूर व नदीतील नावाडी यांची एकमेकांना मारलेल्या आरोळ्यांतली थट्टाही ऐकू आली. मोझेलच्या मजुराचा आवाज वाङ्मयात उमटला तो बहुधा प्रथम येथेच.

रोमन सत्ता गेली, मळे राहिले. ते पुढे मठांच्या आणि धर्मपीठांच्या हाती गेले. ट्रिअरचा आर्चबिशप हा केवळ धर्मगुरू नव्हे, तर सम्राट निवडण्याचा अधिकार असलेला सत्ताधीशही होता. मोझेलला मिळणाऱ्या रुवर या छोट्या नदीकाठी एके काळी संत माक्सिमिन मठाच्या मालकीची असलेली एक टेकडी आहे. तिच्या तीन भागांची नावे आजतागायत टिकून आहेत: मठाधिपतीचा डोंगर, वरिष्ठ साधूंचा डोंगर आणि सेवक-बंधूंचा डोंगर. ज्याचा जसा अधिकार तसा त्याच्या वाट्याला उतार, आणि तसे त्याचे मद्य. गोडीचे मोल त्या काळी धर्मपीठाच्या उतरंडीने ठरत होते.

याच काळात रीझलिंग या वेलीचे नाव कागदावर येते. १३ मार्च १४३५ या दिवसाच्या हिशेबात, ऱ्हाईनजवळच्या र्‍युसेल्सहाइम येथे काट्झेनएल्नबोगेनच्या सरदारासाठी २२ शिलिंगांना रीझलिंगच्या वेली घेतल्याची नोंद आहे. १४६४ साली ट्रिअरमधील संत याकोब रुग्णालयाने या जातीच्या १२०० वेली घेतल्याची नोंदही प्रसिद्ध आहे. जगप्रसिद्ध वेलीची पहिली ओळख एका जमाखर्चाच्या वहीत व्हावी, हे इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. तरीही पुढची तीन शतके सामान्य मळेकरी अधिक फळ देणाऱ्या दुय्यम जातीच लावत राहिला. कारण रीझलिंग उशिरा पिकते आणि वाईट वर्षी पिकतच नाही. गरिबाला दर्जापेक्षा भरवसा हवा असतो. अखेरीस १७८७ साली ट्रिअरचा राजा-आर्चबिशप क्लेमेन्स वेन्झेस्लाउस याने हुकूम काढला, की हीन जातीच्या वेली उपटून त्यांच्या जागी चांगल्या जातीच्या, म्हणजे व्यवहारात रीझलिंगच्या, वेली लावाव्यात. मोझेलची पुढची कीर्ती या हुकमावर उभी आहे हे खरे. पण नव्या वेलीला फळ धरेपर्यंतची वर्षे मळेकऱ्याने काय खावे, हा प्रश्न हुकमाने सोडवलेला नव्हता.

उशिराच्या तोडणीचे महत्त्व याच सुमारास लोकांच्या ध्यानी आले. त्याची कथा मोझेलची नव्हे, शेजारच्या ऱ्हाईनकाठची आहे. योहानिसबर्ग येथील मळा फुल्डाच्या धर्माधिपतीच्या मालकीचा होता आणि तोडणीची परवानगी घेण्यासाठी तिथून दरवर्षी घोडेस्वार पाठवावा लागे. १७७५ साली स्वार परतायला फार उशीर झाला. तोवर द्राक्षांवर बुरशी चढून मणी सुरकुतले होते. नाइलाजाने त्यांचाच रस काढला, आणि मद्य पूर्वी कधी नव्हते इतके उत्तम उतरले, असे सांगतात. कथेत रंग कितीही भरला असला, तरी तिच्यातील वस्तुस्थिती खरी आहे. ही विशिष्ट बुरशी मण्याच्या सालीला सूक्ष्म छिद्रे पाडते, आतले पाणी उडून जाते, आणि साखर, आम्ल व सुगंध घट्ट होऊन उरतात. पुढे उशिराची तोड, निवडक घडांची तोड, निवडक मण्यांची तोड आणि सुकलेल्या निवडक मण्यांची तोड, अशा एकाहून एक चढत्या पायऱ्या ठरल्या, त्यांचे मूळ येथे आहे.

१७९४ साली फ्रेंच क्रांतीचे सैन्य मोझेलकाठी आले आणि आर्चबिशपांचे राज्य संपले. मठांच्या मालमत्ता सरकारजमा होऊन लिलावात निघाल्या. धर्मपीठाचे मळे व्यापाऱ्यांच्या, वकिलांच्या आणि काही सधन शेतकऱ्यांच्या हाती गेले. फ्रेंचांनी दिवाणी कायदाही आणला. त्यान्वये वडिलांची जमीन सर्व मुलांत सारखी वाटली जाई. न्यायाच्या दृष्टीने हे योग्यच. पण कड्यावरची इवलीशी पट्टी दोन-तीन पिढ्यांत रुमालाएवढी झाली. १८१५ साली व्हिएन्नाच्या परिषदेने हा प्रदेश प्रशियाला दिला. वीस-बावीस वर्षांत तीन राजवटी झाल्या. मळे आणि बोली तेवढी तीच राहिली. सीमाप्रदेशात राहणाऱ्या आमच्या वाचकांना या अनुभवाची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही.

प्रशियाच्या राज्यात आरंभी मोझेलची भरभराट झाली. १८१८ च्या जकात कायद्याने बाहेरच्या मद्याला आळा बसला आणि प्रशियाच्या मोठ्या बाजारात मोझेलला जवळजवळ मोकळे रान मिळाले. मळेकऱ्यांनी कर्जे काढून नव्या वेली लावल्या. पण प्रशियाने इतर जर्मन राज्यांशी जकातीचे करार केले आणि १८३४ साली जकातसंघ अस्तित्वात आला, तेव्हा दक्षिणेकडचे स्वस्त मद्य बिनदिक्कत येऊ लागले. भाव कोसळले, त्यातच हवामानाची काही वर्षे वाईट गेली, कर मात्र चांगल्या दिवसांच्या हिशेबाने वसूल होत राहिला. मळेकरी कर्जात बुडाले, अनेकांच्या पट्ट्या लिलावात गेल्या आणि कित्येक कुटुंबे अमेरिकेच्या वाटेला लागली.

या दैन्याची कैफियत मांडणारा एक तरुण संपादक ट्रिअरचाच होता. कार्ल मार्क्सचा जन्म १८१८ साली त्या शहरात झाला आणि त्याच्या वडिलांच्या मालकीचे थोडे द्राक्षमळेही होते. कलोन येथील ‘ऱ्हाईनिशे झाइटुंग’ या पत्रात मोझेलच्या बातमीदाराने मळेकऱ्यांच्या हालांविषयी लिहिले, तेव्हा प्रांताच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने पुरावा मागितला. जानेवारी १८४३ मध्ये मार्क्सने बातमीदाराचे समर्थन करणारी लेखमाला लिहिली. तिचा गाभा असा, की संकट केवळ निसर्गाचे नसून कारभाराचेही आहे. अधिकारी आपल्याच कागदांच्या आधारे आपलाच कारभार तपासतात, त्यामुळे तक्रार करणारा खोटा ठरतो. म्हणून राज्यकर्ता आणि प्रजा यांच्यामध्ये स्वतंत्र वृत्तपत्राची गरज आहे. ३१ मार्च १८४३ नंतर ते पत्र सरकारने चालू दिले नाही. मोझेलच्या शेतकऱ्यांचा प्रश्न आणि जंगलातील लाकूडचोरीविषयीचा वाद यांनीच आपल्याला प्रथम आर्थिक प्रश्नांकडे वळण्यास भाग पाडले, असे मार्क्सने १८५९ साली स्वतः नमूद केले आहे. त्याच्या पुढील मतांशी कोणी सहमत असो वा नसो. जगाच्या विचाराला वळण देणाऱ्या एका अभ्यासाचा प्रारंभ या पाटीच्या दगडावरील दारिद्र्यात झाला, ही गोष्ट मोझेलच्या इतिहासातून वगळता येणार नाही.

दारिद्र्यावर एक उतारा रसायनशास्त्राने सुचवला. ट्रिअर येथेच राहिलेल्या लुडविग गाल (१७९१–१८६३) याने आंबट वर्षीच्या रसात साखरेचे पाणी मिसळून तो पिण्याजोगा करण्याची रीत प्रचारात आणली. गरीब मळेकऱ्याचे वाया जाणारे पीक तिने विकले जाऊ लागले. दया हाच तिचा हेतू होता. पण त्याबरोबर एक नवा भेद जन्मला: निसर्गतः पिकलेले मद्य आणि ‘सुधारलेले’ मद्य. मोठे मालक आपले निर्भेळ मद्य लिलावात मांडू लागले आणि १९०८ साली ट्रिअरमध्ये अशा मालकांचा संघही स्थापन झाला. गालच्याच काळात फोर्ट्झहाइमचा फेर्डिनांड एक्स्ले (१७७४–१८५२) याच्या नावाचे माप रूढ झाले. एक लिटर रस एक लिटर पाण्यापेक्षा जितके ग्रॅम जड, तितके त्याचे एक्स्ले अंश. साधे, स्वस्त, खिशात मावणारे हे साधन. रसात साखर किती हे मळेकऱ्याला मळ्यातच कळू लागले. गोडी आता मोजता येऊ लागली. आणि जे मोजता येते त्यालाच किंमत, असे मानण्याचा मोहही तेव्हापासून सुरू झाला.

१८७९ साली ट्रिअर-कोब्लेन्झ लोहमार्ग झाला आणि मोझेलचे मद्य मोठ्या शहरांच्या बाजारात वेगाने पोचू लागले. त्रावेन-त्रारबाख हे छोटे गाव मद्यव्यापाराची मोठी पेठ बनले. तिथल्या रस्त्यांखालची विस्तीर्ण तळघरे आणि त्या काळच्या नव्या शैलीतील इमारती त्या वैभवाची साक्ष देतात. १९०० च्या आसपास उत्तम मोझेल आणि ऱ्हाईन मद्यांना बोर्दोच्या अग्रगण्य मद्यांइतका, कधी त्यांहूनही अधिक भाव मिळत असे. बर्नकास्टेल गावावरच्या ‘डॉक्टर’ नावाच्या उताराची कीर्ती या काळात कळसाला पोचली. चौदाव्या शतकातील आर्चबिशप बोमुंड याचा ताप या मळ्याच्या मद्याने उतरला, अशी त्या नावामागची दंतकथा आहे. वेलेन गावच्या कड्यावर १८४२ साली योडोकुस प्रूम याने मजुरांना वेळ कळावी म्हणून खडकावर सूर्यघडी बांधली. पुढे त्या मळ्याचे नावच ‘सूर्यघडी’ पडले. डुसेमोंड नावाच्या गावाने तर १९२५ साली आपले जुने नाव टाकून आपल्या प्रसिद्ध टेकडीचे, ब्रौनेबर्गचे, नाव धारण केले. माणसाने मळ्याला नाव द्यावे हा नित्याचा क्रम. येथे मळ्याने गावाला नाव दिले. १९२१ या अतिशय उन्हाच्या वर्षी ‘डॉक्टर’ मळ्यातील सुकलेल्या निवडक मण्यांपासून जे मद्य झाले, ते या श्रेणीतील मोझेलचे पहिले मद्य मानले जाते.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. मोझेलची सर्व मद्ये पूर्वापार गोडच होती, असे नव्हे. एकोणिसाव्या शतकात साधारण वर्षी ती बहुधा कोरडी किंवा कोरड्याच्या जवळची असत; गोडी हा अपवादात्मक वर्षाचा प्रसाद असे. अर्धवट आंबलेले गोड मद्य उन्हाळ्यात पुन्हा आंबू लागण्याची भीतीही असेच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात किण्व गाळून काढणारी बारीक गाळणी आली, तेव्हा साखर राखून ठेवणे सर्वांच्या आवाक्यात आले. ज्याला आपण परंपरा म्हणतो, ती पुष्कळदा अशी एखाद्या यंत्राच्या वयाची असते.

१९३३ नंतरच्या काळ्या पर्वाविषयी मौन पाळणे योग्य होणार नाही. जर्मनीच्या मद्यव्यापारात यहुदी व्यापाऱ्यांचा वाटा फार मोठा होता. मोझेलचे नाव दूरच्या बाजारांत पोचवण्यात त्यांच्या पिढ्या खर्ची पडल्या होत्या. नाझी राजवटीने त्यांना धंद्यातून, मग घरांतून हुसकले. ज्यांना देश सोडता आला नाही त्यांतील बहुतेकांचा अंत छळछावण्यांत झाला. व्यापाराची घडी मोडल्यावर पडून राहिलेले मद्य खपवण्यासाठी सरकारने एकेका शहराला एकेक मद्यग्राम ‘दत्तक’ दिले आणि उत्सव भरवले. मळ्यांच्या कीर्तीचा इतिहास सांगताना बाटलीवरचे चित्र तेवढे सांगावे आणि ती विकणारा माणूस विसरावा, हा प्रकार खोटेपणाचा होईल.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोझेल पुन्हा उभे राहिले. पण लवकरच मोजमापाच्या मोहाला कायद्याचे बळ मिळाले. १९७१ च्या जर्मन मद्य-कायद्याने दर्जाच्या पायऱ्या प्रामुख्याने एक्स्ले अंशांवर बांधल्या. सुकलेल्या मण्यांच्या सर्वोच्च श्रेणीसाठी मोझेलमध्ये १५० अंश लागतात. द्राक्ष कोणत्या जातीचे, उतार कोणता, याला या हिशेबात स्थान उरले नाही. कड्यावरचे रीझलिंग आणि नदीकाठच्या सपाटीवर लावलेली, लवकर पिकणारी म्युलर-थुर्गाउ ही संकरित जात, दोघांनाही एकच फूटपट्टी. शिवाय सुमारे ३०,००० मळ्यांची जुनी नावे घटवून ती २,६०० च्या आसपास आणली, आणि अनेक गावांच्या जमिनी एका प्रसिद्ध नावाखाली एकत्र विकण्याची मुभा दिली. पीस्पोर्टचा ‘सोनेरी थेंब’ हा उभा उतार कोठे आणि ‘पीस्पोर्ट’ हेच नाव मिरवणारे विस्तीर्ण सपाट क्षेत्र कोठे! दूरच्या गिऱ्हाइकाला हा भेद कळण्याचा मार्गच राहिला नाही.

आम्हा शिक्षकांना या चुकीची जात परिचयाची आहे. गुणपत्रिकेतील आकडा हा ज्ञानाचा एक अंदाज असतो. पण एकदा का सारा व्यवहार त्या आकड्यावर चालू लागला, की शाळा आकडाच पिकवू लागते आणि विद्यार्थी मागे राहतो. मोझेलच्या सपाट जमिनींनी तेच केले. पुढच्या दोन दशकांत परदेशी बाजारांत गोड, स्वस्त आणि निस्तेज जर्मन मद्याचा पूर आला. आंबटपणाचा तोल नाही, जागेची ओळख नाही. उरली ती नुसती साखर. १९८५ साली ऑस्ट्रियातील काही मद्यांत गोडी आणि दाटपणा वाढवण्यासाठी विषारी रसायन मिसळल्याचे उघडकीस आले, आणि भेसळीचे धागे जर्मनीतील काही बाटलीबंद करणाऱ्यांपर्यंतही पोचले. खुद्द जर्मन गिऱ्हाईक तोवर गोड मद्याला नाके मुरडून कोरड्याकडे वळू लागले होते. कड्यावर घाम गाळणाऱ्याचे नाव सपाटीवरच्या नफ्याने बुडवले.

त्या पडत्या काळातही काही घराण्यांनी जुने उतार आणि जुन्या वेली सोडल्या नाहीत. हळूहळू जाणकारांचे लक्ष पुन्हा त्यांच्याकडे गेले आणि आज निवडक मण्यांच्या दुर्मिळ बाटल्यांना लिलावांत विलक्षण किंमत येते. २०२१ साली सुधारलेल्या कायद्यानेही दिशा बदलली आहे: बाटलीवर सांगितलेली जागा जितकी लहान आणि नेमकी, तितके निकष कडक. पन्नास वर्षांनी का होईना, डोंगराची साक्ष पुन्हा ग्राह्य धरली गेली.

परंतु कड्याचे भवितव्य एवढ्याने निर्धास्त होत नाही. सपाट मळ्यात यंत्राच्या साह्याने जे काम दोन-तीनशे तासांत उरकते, त्याला उभ्या चढणीवर हजाराहून अधिक तास लागतात. एकपदरी रुळांवरून चढणाऱ्या छोट्या गाड्यांनी पाठीवरचे ओझे पुष्कळ हलके केले आहे. तरी छाटणी, बांधणी आणि तोडणी हातांनीच होते, आणि ते हात आता बहुतांशी पोलंड-रुमानियाकडून हंगामापुरते येतात. घरची मुले शहरांकडे गेली. मोझेलच्या सर्व मळ्यांचे क्षेत्र घटत घटत नऊ हजार हेक्टरांच्या आत आले आहे, आणि सोडून दिले जातात ते बहुधा सर्वांत उभे, म्हणजेच सर्वांत गुणी उतार. वेल गेली की झुडपे माजतात, आणि पाटीच्या दगडांच्या कोरड्या रचलेल्या भिंती एक-एक करून ढासळतात. त्या पुन्हा रचण्याची कला जाणणारे थोडे आहेत.

दुसरे संकट उलट्या बाजूने आले आहे. दोन हजार वर्षे ज्यांनी उन्हाची वाट पाहिली, त्यांना आता ऊन अधिक होऊ लागले आहे. पूर्वी जी दऱ्याखोरी अति थंड म्हणून नाकारली जात, ती आज मळेकरी शोधू लागला आहे. मण्यांत साखर भरते, पण आम्ल त्याआधीच उतरू पाहते. हलके, कमी मद्यार्काचे, नाजूक गोडीचे मद्य करणे अवघड होत चालले आहे. वेलीवरच गोठलेल्या द्राक्षांचे ‘हिममद्य’ करण्यासाठी उणे सात अंशांची थंडी लागते; २०१९ च्या हंगामात जर्मनीच्या एकाही प्रदेशात तेवढी थंडी पडली नाही आणि त्या वर्षी ते मद्य कोठेच झाले नाही. असे पूर्वी कधी घडल्याची नोंद नव्हती.

गोडीचे मोल प्रथम मठाने ठरवले, मग राजाने, मग जकातनाक्याने, मग बाजाराने, आणि अखेरीस कायद्यातील एका आकड्याने. या सर्व मोलकऱ्यांत एक गोष्ट समान आहे: त्यांपैकी कोणालाही टोपली पाठीला लावून कडा चढावा लागला नाही. जो चढला, त्याचे मत फार क्वचित विचारले गेले. १८४३ साली ते विचारले जावे असा आग्रह धरणाऱ्या वृत्तपत्राची काय गत झाली, तेही आपण पाहिले. आज मोझेलला जी प्रतिष्ठा परत मिळत आहे, तिचा काही वाटा या चढणाऱ्याच्या पदरात पडला, तरच पुढच्या पिढीतील कोणी तरी ती टोपली उचलील. तसे न झाले, तर उतार ओस पडतील आणि मग रसाचे अंश कितीही भरोत, त्या गोडीला उभे राहण्यास जागा उरणार नाही. पाटीवर लिहिलेले ओल्या बोटाने क्षणात पुसता येते. पण या पाटीवर दोन हजार वर्षांच्या हातांनी जे गिरवले आहे, ते एकदा पुसले गेले तर पुन्हा गिरवणारे हात मिळणे कठीण आहे.